काळ्या कापडाआड अम्मी

लढाईवर गेलेल्या भाईचं पत्र मीच अम्मीला वाचून दाखवलं. "डोळे मिटले की तुझा चेहराच येत नाही. नगर स्टेशनवरचा काळा बुरखा तेवढा दिसतो. फोटो पाठव."

अम्मीने परक्या पुरुषापुढे कधी नकाब उचलला नव्हता. आठवडाभर ती भांडी आपटत होती. भाकरी करपली की बोलणी भाईला, भाजी खारट झाली की मला. मग एका दुपारी तीच म्हणाली, "चल, टांगा बोलाव."

कँपातल्या स्टुडिओत तिपाईवर मोठा कॅमेरा होता. म्हातारा फोटोवाला डोक्यावरून काळं कापड घेऊन त्यामागे वाकला, तशी अम्मी माझ्या कानाशी लागली. "ह्यानं बी बुरखा घेतला! आता हरकत न्हाई." आणि तिने नकाब वर केला. त्याला आतून सगळं दिसतं हे मला ठाऊक होतं. मी मूग गिळून बसले.

पण फोटोची काच बसवायला आणि फोटो घ्यायला तो कापडाबाहेर आला की नकाब खाली, आत गेला की वर. बाहेर आभाळ भरून आलेलं, उजेड चाललेला. आज फोटो निघाला नाही, तर अम्मी पुन्हा इथं पाऊल टाकणार नव्हती. मला दोघांचाही राग येत होता. शेवटी त्याने काच बसवली, दाबला की फोटो निघतो तो कॅमेऱ्याचा रबरी फुगा माझ्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"बाई, मी न्हाई बघत. पोरगी फुगा दाबंल."

मी दाबला. फोटो भाईकडे गेला.

पुढं भाई रजेवर आला. अम्मीने आधी फोटो मागितला. त्याने खिशातून काढला तो कापडात गुंडाळून चारी बाजूंनी शिवलेला.

"बराकीत पोरं एकमेकांच्या घरचे फोटो बघत्यात," तो पुटपुटला. "म्हनून शिवला."

"मग तुला तरी दिसत हुतं का रं माझं तोंड?"

अम्मीने दाताने दोरा तोडला, कापड काढून चुलीत टाकलं आणि फोटो त्याच्या हातात दिला. मला तेव्हा फार रडू आलं.

रजा संपली, आम्ही स्टेशनवर गेलो. फलाट माणसांनी भरलेला, त्यात ओळखीचेही पुष्कळ. गाडी हलली आणि अम्मीने नकाब वर केला. मी घाबरून आजूबाजूच्या पुरुषांकडे बघत होते, अम्मी फक्त भाईच्या खिडकीकडे. गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिने तो खाली घेतला नाही.