मंगेशला थ्रो मारू की नको

फायटिंग गेम खेळणाऱ्यांनाच विचारतो, घरी हे कोणाला समजणार नाही.

आज दुपारी मंगेश माझ्याकडे खेळायला आला. सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, त्यानंतर पहिल्यांदाच.

गेममध्ये समोरच्यानं थ्रो मारायला धरलं की त्याच क्षणी दोन बटणं एकदम दाबावी लागतात. नाहीतर तो उचलून आपटतो. आमच्या मेहकरात मंगेशला कोणी आपटू शकत नव्हतं.

मी आज थ्रो मारलाच नाही, नुसत्या लाथा-बुक्क्या. तो जिंकत गेला, पण हसला नाही. मग त्यानं कीबोर्डवरून हात काढला.

"थ्रो काऊन नाही मारून राह्यला बे?"

"असंच."

"माही कीव करून राह्यला का? मार."

मारला. त्याचा माणूस पाठीवर आपटला. पुन्हा मारला. उरलेली बोटं बटणांपर्यंत पोचायची, पण उशिरा. प्रत्येक वेळी उशिरा.

शेवटी तो चहा न घेताच उठला. दारातून म्हणाला, "उद्या येतो. असाच खेळजो."

सांगा, उद्या मारू का?