लिंडसेचं नवं ग्राफिक्स कार्ड

लिंडसे हॉकिंगला दोन गोष्टी कधी जमल्या नाहीत: डॉक्टरकडे जाणं आणि सूचनांचा कागद वाचणं. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाहून वाळवंटात मालगाड्या नेण्यात त्याची हयात गेली. निवृत्त झाल्यावर तो घरच्या जुनाट कॉम्प्युटरवरच्या खेळात तीच गाडी, त्याच रुळांवरून हाकायचा आणि चहा गार झाला म्हणून बायकोवर, ग्लेनिसवर, डाफरायचा.

अलीकडे मात्र पडद्यावरचे लांबचे सिग्नल त्याला दिसेनात. लाल की हिरवा, हे कळेपर्यंत गाडी पार जवळ पोचलेली असायची. दोष कॉम्प्युटरचा, की डोळ्यांचा? डोळ्यांचा असेल तर खरी गाडी चालवणंही संपलं, म्हणजे मागे सामानाचा हौदा असलेली त्याची लाडकी पांढरी यूट गेलीच. डॉक्टरने हे एका मिनिटात सांगितलं असतं. लिंडसेने पडद्यावरचं चित्र स्वच्छ करणारं ग्राफिक्स कार्ड मागवलं.

गावातले निवृत्त बाप्ये ज्या शेडमध्ये लाकूडकाम करत बसायचे, तिथे सगळे मदतीला तयार होते. पण मदत घ्यायची म्हणजे पुढे वर्षभर टोमणे खायचे. "अख्खं इंजिन उघडलंय मी, हा डबा काय चीज आहे!" असं म्हणून त्याने एकट्यानेच कॉम्प्युटर उघडला, धूळ झटकली, कार्ड खटकन बसवलं आणि पडद्याची तार होती तिथेच परत खोचली. सिग्नल तसेच धूसर.

लिंडसे घाबरला. म्हणजे दोष डोळ्यांचाच.

शेडमध्ये मात्र त्याने सांगितलं, "चित्र कसं लख्ख दिसतंय म्हणून सांगू!" आणि आठवड्याभराने जाहीर केलं की यूट आपला मित्र क्लॅरी नोस्के याला देऊन टाकतोय, पेट्रोल परवडत नाही.

"दूध आणायला कोपऱ्यावर गाडी नेणारा माणूस तू," ग्लेनिस म्हणाली. "आजच बरं परवडेनासं झालं?"

क्लॅरी किल्ली घ्यायला आला. "आधी ते लख्ख चित्र दाखव," म्हणत त्याने पडद्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरच्या मागे डोकावला आणि खो खो हसत सुटला. "अरे लेका, तार जुन्याच भोकात! तुझं कार्ड आत झोपा काढतंय." त्याने तार काढून कार्डात खोचली. लांबवरचा सिग्नल हिरवागार उभा राहिला. खांबावरचा गंजसुद्धा दिसला.

"मग इतके दिवस लख्ख काय दिसत होतं तुला?"

खरं सांगितलं असतं तर यूट वाचली असती. पण मग घाबरलो होतो, हेही सांगावं लागलं असतं.

"तुझी परीक्षा घेत होतो," लिंडसे म्हणाला. "घे किल्ली. आणि टायरमधली हवा बघत जा."

यूट सरळ रस्त्याने लांब गेली आणि अगदी टोकाला वळली.

"वळून झालं तरी इंडिकेटर चालूच ठेवलाय गाढवाने," फाटकात उभा राहून लिंडसे म्हणाला.

"इतक्या लांबून दिसलं तुला?" ग्लेनिसने विचारलं.

"सगळं दिसतंय गं मला," तो म्हणाला, आणि त्याला रडूच कोसळलं.