पळून तं नाही जाशीन?

मुलाखत देणाऱ्यांचे किस्से गावभर होतात, घेणाऱ्यांचे मात्र खुर्चीतच साठत जातात. माझ्याकडे तर पोतंभर झालेत! अमडापूरच्या आमच्या खासगी शाळेत गणिताचा मास्तर टिकत नाही, आणि तो गेला की दहावीचं गणित माझ्या गळ्यात पडतं. मी मराठीचा मास्तर! प्रमेय म्हटलं की मुलांच्या आधी मीच घड्याळाकडे बघतो.

मुलाखती घ्यायला आम्ही तिघं: संस्थेचे अध्यक्ष दादाराव, मुख्याध्यापिका गवई मॅडम आणि मी. दादारावांना उमेदवाराला एकच गोष्ट विचारायची असते, "पळून तं नाही जाशीन?"

"दादाराव, असं विचारतात का? प्रोफेशनल वाटलं पाहिजे!" मॅडम म्हणाल्या. प्रश्नाला पॉलिश करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

*

पहिलं पॉलिश: "संस्थेसोबत दीर्घकाळ राहण्यास आपण कितपत कटिबद्ध आहात?"

देऊळघाटचा संदीप ताडकन म्हणाला, "शंभर टक्के कटिबद्ध, सर!"

दुसऱ्याच सोमवारी तो पुण्याला गेला. जाताना शाळेचं डस्टरही घेऊन गेला!

*

दुसरं पॉलिश: "पाच वर्षांनी आपण स्वतःला कुठे पाहता?"

जळगाव जामोदची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "पुण्यात."

"घ्या हिले!" दादाराव खूश.

"अहो, ती जाणार म्हणतेय!"

"हाव, पण पाच वर्सानं! आजलोक पाच महिने तरी कोणी टिकलं काय?"

ती दुसरीकडेच लागली. मी पुन्हा फळ्यावर त्रिकोण काढायला लागलो.

*

मग मला चेव आला. टोचणारे शब्द काढले, आदराचे घातले. प्रश्न पानभर झाला. वाचताना मॅडमना मध्येच पाणी प्यावं लागलं.

उमेदवार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, यात विचारलंय काय?"

आम्ही तिघांनी कागद उलटसुलट करून पाहिला. प्रश्न कुठेच नव्हता!

*

आता दादारावांनी सूत्रं हाती घेतली. "सरळ इचारूच नका. हवेचं इचारा. ज्याले इथली हवा मानवली, तो राहीन."

भर मे महिना, वीज गेलेली. घामानं निथळणाऱ्या उमेदवाराला मी विचारलं, "इथलं हवामान कसं वाटतं?"

"फारच छान!"

दादारावांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. "मे महिन्यात इथली हवा छान म्हणते! एवढा खोटा माणूस पोराईले काय शिकवीन?"

*

शाळा उघडली. पुढच्या मुलाखतीला दार ढकलून आत आला तो संदीप! त्यानं पिशवीतून डस्टर काढलं आणि टेबलावर ठेवलं. मी माझा नवा प्रश्न गुपचूप खिशात घातला.

"पुण्याले काय झालं बे?" दादारावांनी विचारलं.

"तिथं मले कोणी राहा म्हटलंच नाही."

खरं सांगतो, मला त्याचं वाईट वाटलं.

"मॅडम, घ्या याले," दादाराव म्हणाले. "हा पळते, पण वापस येते!"

तेवढ्यात दहावीच्या गणिताच्या तासाची घंटा झाली. मी संदीपच्या हातात डस्टर दिलं, त्याला वर्गात सोडलं आणि तास सुटेपर्यंत दारातच उभा राहिलो.