आईच्या वाट्याचे चार सेकंद

माझा गळा माझ्या आईवर गेलाय, असं मी वीस-पंचवीस वर्षं चारचौघांत सांगत होतो आणि दुर्दैवानं ते खरं निघालं.

तसा मी हिंगोलीत एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळतो. पण ते पोटासाठी. खरा मी सूत्रसंचालक! साखरपुडा असो, निरोप समारंभ असो, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन असो, माइक दिसला की माझा हात आपोआप पुढं जातो. (बायको म्हणते, कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर मी एकदा सॉसची बाटलीसुद्धा तशीच धरली होती. साफ खोटं! ती पाण्याची बाटली होती.) बोलता बोलता मी दोन ओळी गाऊन दाखवतो आणि मग नम्रपणे म्हणतो, "हा गळा माझा नाही. 'उजेड महिला गायन पार्टी'च्या गयाबाईंचा, माझ्या आईचा आहे!"

ही पार्टी चाळीसेक वर्षांपूर्वीची. वारंगा फाट्याच्या आसपासच्या चार बाया, एक पेटी, एक ढोलकी, एक झांज. एप्रिल आला की गावोगावच्या जयंतीला त्यांची गाणी असायची. नांदेडला जाऊन त्यांनी एक कॅसेटही काढली होती. कव्हरवर चौघींचा फोटो, त्यात आई मधोमध. मधोमध म्हणजे मुख्य गायिका, हे मी शाळेत असतानाच ठरवून टाकलं आणि नंतर कधी कुणाला विचारायच्या भानगडीत पडलो नाही.

भांडण सुरू झालं ते कोरियातल्या सात पोरींवरून.

माझी मुलगी संघमित्रा अकरावीला आहे. तिच्या मोबाइलवर दिवसभर या सातजणी नाचत असतात. एका रविवारी मी चहा पिता पिता म्हणालो, "मित्रा, यांच्यात गाते कोण? सगळ्याच तर केस उडवून राहिल्या!"

"पप्पा, सगळ्या गातात. प्रत्येकीच्या वाट्याला ओळी येतात."

"हे ग्रुप म्हणजे नुसता देखावा," मी म्हणालो. "तुझ्या आईच्या वेळच्या त्या पाचजणी तरी बऱ्या. त्यांनाही गाता येत नव्हतं, पण निदान त्यांचे चेहरे वेगवेगळे ओळखू यायचे!"

ही पाच परदेशी पोरींची पार्टी बायकोच्या कॉलेजच्या काळातली. सुजातानं चार मैत्रिणींना घेऊन त्यांच्या गाण्यावर स्नेहसंमेलनात नाच बसवला होता आणि ऐन वेळी प्राध्यापक मंडळींनी तो रद्द केला होता. ही जखम तिनं आजवर ताजी ठेवली आहे. तिनं पोळपाटावरचं लाटणं थांबवलं.

"अहो, त्यांना गाता येत नव्हतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या दाराच्या मागं त्यांचंच पोस्टर होतं!"

"ते भिंतीचा पोपडा झाकायला!" मी घाईनं म्हणालो आणि विषय आईकडं वळवला. "खरा ग्रुप आईचा! ना मेकअप, ना लाइटी. बैलगाडीतून जायचं, पदर खोचायचा आणि गायचं. काय आई?"

आई खाली बसून लसूण सोलत होती. तिनं मान वर केली, मित्राचा मोबाइल हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि म्हणाली, "बऱ्या गाऊन राहिल्या की लेकी. एवढं नाचूनबी दम लागत न्हाई."

माझ्या वकिलीचा असा निकाल लागल्यावर मी जास्तच पेटलो. तेवढ्यात मित्रा म्हणाली, "पप्पा, आम्ही फॅन लोक मोजतो. प्रत्येक गाण्यात कोणी किती सेकंद गायलं, त्याचा तक्ता बनवतो. मग कोणाचा हक्क मारला जातो ते बराबर कळतं."

"मग आजीच्या कॅसेटचा बनव!" मी टेबलावर हात आपटला. "होऊन जाऊ दे! आजीच्या पंचाहत्तरीला पडद्यावर दाखवू. तीन पिढ्यांच्या गायिका, तौलनिक अभ्यास!"

लसणाची पाकळी आईच्या हातातून सुटून थेट कपाटाखाली गेली.

"कॅसेट काहून काढून राहिला?" ती म्हणाली. "खराब झाली आसंल आता. ऱ्हाऊ दे ना, मिलिंद."

किती हा विनय! माझा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी कॅसेट नेहमीच्या जागेवर नव्हती. तीन दिवस मी घर पालथं घातलं आणि ती सापडली ज्वारीच्या कोठीत, तळाशी, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळलेली! मी सुजाताला म्हणालो, "पाहा, कसं जपून ठेवलंय!" सुजाता माझ्याकडं बराच वेळ पाहत राहिली. (लग्नाला एकोणीस वर्षं झाली. ही नजर मी अजून शिकून राहिलो.)

हिंगोलीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून मी कॅसेट मोबाइलमध्ये उतरवून घेतली आणि संघमित्राला दिली. तिच्याकडं आवाज वेगवेगळे करणारं काहीतरी अॅप होतं. अडचण एकच, कोणता आवाज कोणाचा हे सांगणार कोण? चौघींपैकी दोघी आता राहिल्या नव्हत्या. आई म्हणाली, "मला आता आठवत न्हाई." उरल्या फक्त ठकूमावशी, औंढ्याला लेकाकडं राहणाऱ्या.

ठकूमावशी म्हणजे आईची जिवाभावाची मैत्रीण. पण बारा-तेरा वर्षं झाली, त्या आमच्या घरी आल्याच नव्हत्या. आईला विचारलं की ती म्हणायची, "गुडघे दुखतात तिचे." मला ते पटायचं. मित्रानं त्यांना फोनवर गाणी ऐकवली आणि कोणता आवाज कोणाचा ते लिहून घेतलं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती माझ्या मागं मागं फिरायला लागली.

"पप्पा, तो तक्ता एकदा बघून घ्या."

"स्टेजवरच बघू! मलाही सरप्राइज पाहिजे."

"पप्पा, दोनच मिनिटं."

"नाही म्हणजे नाही! खरा निवेदक कधी उत्तर आधी बघत नाही!"

"बरं," मित्रा म्हणाली. सुजाताच्या वळणावर गेलीय पोरगी. हिचीही नजर अगदी तशीच.

पंचाहत्तरीचा कार्यक्रम वारंगा फाट्याच्या मंगल कार्यालयात, सकाळी अकराला. दोनशेक माणसं. आई पांढऱ्या साडीत पहिल्या रांगेत बसलेली, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. मी माइक घेतला आणि तौलनिक अभ्यास सुरू केला. आधी सुजाताच्या पाचजणींना झोडपलं. मग कोरियाकडं वळलो.

"मंडळी, हल्लीच्या ग्रुपमध्ये काय असतं? गाणारी एक! बाकीच्यांनी पाठीमागं उभं राहायचं, ओठ हलवायचे आणि गोड हसायचं! ज्यांना सूर कशाशी खातात ते माहीत नाही, त्यासुद्धा फोटोत मधोमध!"

टाळ्या पडल्या. आईनं पदरानं कपाळ पुसलं.

"अशी फसवणूक आमच्या आईच्या पार्टीत नव्हती! तिथं फक्त..."

इथं दार उघडलं आणि नातवाच्या खांद्याला धरून ठकूमावशी आत आल्या. गुडघे दुखत असल्याचं कुठंही दिसत नव्हतं. चांगल्या तरातरा पहिल्या रांगेपर्यंत आल्या आणि आईशेजारची खुर्ची सोडून पलीकडच्या खुर्चीवर बसल्या. दोघींच्या मध्ये एक रिकामी खुर्ची. दोघी समोर बघत होत्या.

"वा! साक्षीदारच हजर!" मी ओरडलो. "मित्रा, लाव तक्ता!"

पडद्यावर चौघींची नावं आली आणि पुढं रंगीत पट्ट्या. ठकूबाईंची पट्टी लाल, ती पडद्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. दुसऱ्या दोघींच्या पट्ट्या मध्यम. आणि गयाबाईंच्या नावापुढं एक हिरवा ठिपका. मला आधी वाटलं पडद्यावर किडा बसलाय. मी रुमालानं झटकलासुद्धा.

"चार सेकंद," मित्रा हळूच म्हणाली. "अख्ख्या कॅसेटमध्ये."

पण मी अनुभवी निवेदक! हसून म्हणालो, "मंडळी, अॅप कोरियाचं दिसतंय, त्याला मराठवाड्याचा आवाज काय कळणार? आपण ते चार सेकंद ऐकूनच घेऊ. चारच असले तरी कसे दमदार असतील बघा! लाव बेटा!"

"पप्पा, नको."

"लाव!"

स्पीकरमधून ढोलकी आली, पेटी आली आणि मग माझ्या आईचा आवाज आला. "जी जी गंऽऽ..." पहिला 'जी' पेटीच्या खाली होता, दुसरा वर आणि 'गं' कुठं गेला ते ढोलकीवाल्यालाही समजलं नसावं, कारण त्याचा ठेकाच थांबला. पाठोपाठ खोकला. मग कोणीतरी स्पष्ट म्हणालं, "गये, तू नुसते ओठ हालव."

दोनशे माणसं हसली. मी कधी एवढा हशा मिळवला नव्हता. आणि त्या क्षणी मला जे कळलं ते असं, की तो 'गं' मी ओळखत होतो. साखरपुड्यात, निरोप समारंभात, उद्घाटनांत तो मी स्वतः कित्येकदा काढला होता!

मला वाटलं आई उठून निघून जाईल. ती उठली, पण स्टेजवर आली आणि माझ्या हातातला माइक काढून घेतला.

"कॅसेटमंदला गाणारा आवाज ठकूचा हाय," ती म्हणाली. "माझ्या पोरानं बारा सालं आधी भरल्या सभेत त्यो माझा सांगितला. ठकू समोर बसली व्हती. मला तवाच बोलाया पायजे व्हतं. पण पोरगं एवढं फुशारलं व्हतं, माझी जीभ उचलली न्हाई. ठकू उठून गेली, ती गेलीच. गुडघे चांगले हायेत तिचे."

मी स्टेजवर उभा होतो, पण स्टेजखाली जागा असती तर तिथं गेलो असतो.

ठकूमावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मंग तू पार्टीत करत काय व्हती, ते बी सांग की!"

"झांज वाजवत व्हते."

"झांज बी धड न्हाई वाजवली कधी!" मावशी उठल्या. "म्या सांगते. तवा बाईनं स्टेजवर गायचं म्हणलं की घरोघर रडारड. माझा नवरा म्हणे, तंगडं मोडीन. तर ही गया सकाळी सकाळी येऊन आमच्या दारात बसली. म्हणली, ठकूला पाठवत न्हाईस तवर उठत न्हाई. दुपारपतोर बसली! चौघींच्या घरच्यांना हिनंच मनवलं, गावोगावच्या पुढाऱ्यांशी हीच भांडली. ही नसती तर आमी तिघी न्हाणीतच गायलो असतो. माझा राग तिच्या गाण्याचा न्हाई. माझा राग ती बोलली न्हाई, याचा."

"चुकलं माझं, ठकू," आई म्हणाली.

मावशी स्टेजवर आल्या. दोघी एकमेकींच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या आणि सत्तरी ओलांडलेल्या ठकूमावशींनी जो सूर लावला, त्यानं कार्यालयाबाहेरच्या रस्त्यावरचे दोन ट्रकवाले आत येऊन बसले. मित्रा आणि तिच्या मैत्रिणींनी मागं ताल धरला. रद्द झालेल्या नाचाचा वचपा काढायला सुजाता स्टेजवर आली ती उतरेचना! आई मधोमध उभी होती, हसत होती आणि गात नव्हती. तिच्यासारखं मधोमध उभं राहणं कुणाला जमायचं नाही.

मलाही राहवलं नाही. मी दुसरा माइक उचलला, डोळे मिटले आणि कोरसमध्ये आवाज दिला. तो बाहेर आलाच नाही. डोळे उघडले तर साउंडवाला माझ्या माइकची वायर हातात घेऊन उभा होता.

"तुमच्या आईंनी सांगितलं, सर," तो म्हणाला.

आता ठकूमावशी महिन्यातून चार दिवस आमच्याकडंच असतात. परवा शेजारच्या गावातून जयंतीच्या कार्यक्रमासाठी फोन आला. तो अर्थात आईनंच घेतला. अटी ठरल्या. मावशीला बसायला खुर्ची, प्यायला कोमट पाणी, मागं नाचायला संघमित्राची पार्टी आणि सूत्रसंचालक तुमच्याच गावातला पाहिजे, आमचा आम्ही आणणार नाही.

"मग मी काय करू?" मी विचारलं.

"गाडी चालीव की," आई म्हणाली. "पन काचा लावून घे. तू गाडीत गातोस असं सुजातानं सांगितलंय."