अडीच इंचांनी अडलेलं लग्न

समाधान ओव्हाळ यांच्या लेखी पुण्यात चारच प्रकारचे रस्ते आहेत. बंब सरळ शिरतो ते, बंब उलटा घालावा लागतो ते, आरसे मिटून उलटा घालावा लागतो ते, आणि बंब शिरतच नाही ते. सत्तावीस वर्षं अग्निशमन दलात चालक म्हणून काढली, पण कुठल्या रस्त्यावर मिसळ चांगली मिळते हे त्यांना आजही विचारू नये. पेठेतला कुठलाही बोळ मात्र विचारा. ते डोळे अर्धे मिटतील, ओठ जरासे हलतील आणि उत्तर येईल, "उलटा. आरसे मिटून."

हे सगळं त्यांनी निळ्या पुठ्ठ्याच्या वह्यांमध्ये लिहून ठेवलंय. तीन वह्या भरल्या, चौथी चालू आहे. साप्ताहिक सुट्टीला लोक सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला जातात. हे टेप घेऊन बोळ मोजायला जातात. आणि एकदा मोजला म्हणून काम संपत नाही, कारण पुण्यातला बोळ जागेवर राहत नाही. आज कोणी सिमेंटची कुंडी ठेवतं, उद्या कोणी पत्र्याची पडवी काढतं, परवा त्या पडवीखाली स्कूटर येते आणि तेरवा 'येथे वाहन लावू नये, आमचे आधीच लावलेले आहे' अशी पाटी लागते. म्हणून दर वर्षी पुन्हा मोजणी.

विश्रांतवाडीला घर घेताना त्यांनी अकरा फ्लॅट नाकारले. ललिताबाई ओटा किती मोठा आणि पाणी किती वेळ येतं ते बघायच्या, हे फाटकाशीच उभे राहून कमानीची उंची बघायचे. शेवटी एजंटाने हात टेकले. बाराव्या इमारतीला भला मोठा दरवाजा होता आणि स्वयंपाकघर जेमतेम मावणारं. ललिताबाई त्याबद्दल अजून ऐकवतात, आणि समाधानराव अजून खाली मान घालून ऐकून घेतात.

ही खोड कुठून लागली हे ते कोणाला सांगत नाहीत. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका बोळातून वर्दी आली होती, म्हणजे आगीची खबर. तोंडाशीच गाडी अडकली. जवानांनी पाण्याचे पाइप खांद्यावर घेऊन आत धाव घेतली, पण चालकाला पंप सोडून जाता येत नाही, म्हणून हे तिथेच उभे राहिले आणि छपरांवरून निघणारा धूर बघत राहिले. माणसं सगळी वाचली. घर गेलं. एक बाई लेकराचं दप्तर तेवढं पोटाशी धरून त्यांच्यासमोरून गेली आणि काही बोलली नाही. ती चार शिव्या देती तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिली वही विकत घेतली.

तर अशा माणसाच्या मुलीने, दीपालीने, एका संध्याकाळी सांगितलं की तिने मुलगा पसंत केलाय. मुलाचं नाव रोहन रणपिसे, तिच्याच बँकेत आहे, निर्व्यसनी आहे, स्वयंपाक येतो, घरात तो आणि वडील दोघंच. ललिताबाईंचा चेहरा खुलला. समाधानरावांनी एकच विचारलं, राहतो कुठे? नारायण पेठेत, ती म्हणाली. कुठला बोळ, यांनी विचारलं. तिने सांगितलं आणि तिचं तिलाच कळलं की आता बाबा उठणार, कपाट उघडणार आणि वही काढणार.

वहीत त्या बोळापुढे लाल शाईने लिहिलं होतं: शिरत नाही.

तरी रविवारी सगळे मुलाचं घर बघायला गेले. तीन मजली जुनी इमारत, तळमजल्यावर रणपिश्यांच्या दोन खोल्या, दारापुढे दगडी पायरी. दोघी आत गेल्या आणि समाधानराव बुटाची नाडी बांधायला म्हणून मागे राहिले. त्यांच्या बुटांना नाडी नव्हती. आतून रोहनचे वडील तात्याराव यांनी खिडकीतून पाहिलं तर होणारे व्याही पायरीशी उकिडवे बसून टेप ताणतायत. तात्याराव नगर भूमापन कार्यालयातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जागा मोजल्या होत्या. आपल्या दारात कोणी दुसराच मोजतोय हे त्यांना पहिल्यांदाच बघायला मिळत होतं.

जय भीम झाला, पोहे झाले. वरच्या मजल्यावरच्या सुंदराबाईंनी केलेले ते पोहे होते आणि फार छान होते. रोहन नम्र होता, हसरा होता, बोलताना समोरच्याकडे बघत होता. समाधानरावांना तो मनापासून आवडला, आणि म्हणूनच पुढचं बोलणं त्यांना जड गेलं.

"मुलगा लाखात एक आहे," ते म्हणाले, "पण बोळ आठ फुटांचा आहे. बंबाला आठ फूट अडीच इंच लागतात. बंब शिरत नाही तिथे मला मुलगी देता यायची नाही."

तात्यारावांनी बशी खाली ठेवली आणि अत्यंत अदबीने विचारलं, आपण स्थळ बघायला आलात की आगीची पूर्वतयारी करायला? रोहनने लहान गाडीचं विचारून पाहिलं. समाधानराव म्हणाले, लहान गाडी येते, पण तिचं पाणी लवकर संपतं.

दुसऱ्या दिवशी तात्यारावांचा निरोप मोबाइलवर आला. 'आपली कन्या आम्हांस पसंत आहे. आपल्या बंबाबद्दल विचार करून कळवतो.' ललिताबाई तो वाचून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दीपाली हसली नाही.

"बाबा, मला त्या घरात राहायचंय, जळायचं नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही मनापासून हो म्हणाल तेव्हाच मी लग्न करीन. तोवर नाही."

यानंतर तीन आठवडे ती घरात नीट बोलली नाही. जेवण वाढायची, औषधाची आठवण करायची, पण पूर्वीसारखं कामावरून आल्यावर 'आज किती वर्द्या' असं विचारायची नाही. समाधानरावांना हे फार लागलं. झाडावर मांज्यात अडकलेली घार सोडवली, लिफ्टमध्ये अडकलेल्या आजोबांना बाहेर काढल्यावर त्यांनी आधी चप्पल मागितली, असल्या गोष्टी ते तिच्यासाठी जपून आणत आणि त्या तशाच राहून जात. तिच्यासाठी हो म्हणावं तर मनातून नाही निघत होतं, आणि खोटं हो तिला नको होतं. आपण चुकतोय का, असं ते गाडी पुसताना स्वतःला दहादा विचारत.

चौथ्या आठवड्यात तात्याराव स्वतःच अग्निशमन केंद्रावर आले. काखेत नकाशाची गुंडाळी. गाडीच्या पुढच्या चाकाशी उभं राहून त्यांनी ती उलगडली आणि सांगितलं की रेकॉर्डला त्यांचा बोळ सर्वत्र साडेनऊ फूट आहे. सबब, ओव्हाळांची टेप चुकीची आहे. समाधानरावांना कोणी काहीही बोलावं, टेपला बोलू नये. त्यांनी टेप काढून तिथल्या तिथे गाडीची रुंदी मोजून दाखवली. तात्यारावांनी पिशवीतून आपली टेप काढली आणि तीच रुंदी पुन्हा मोजली. दोन्हींत फरक निघाला नाही. दोघेही मनातून जरा खट्टू झाले, आणि येत्या रविवारी सकाळी बोळ एकत्र मोजायचा असं ठरलं.

रविवारी बोळात ही गर्दी. एका टोकाला समाधानराव, दुसऱ्या टोकाला तात्याराव, मधे टेप, आणि गॅलऱ्यांमधून सूचना. कोणी विचारलं, रस्ता रुंद करताय का, आमच्या हयातीत होईल का. तात्याराव दर दहा पावलांवर मोठ्याने आकडा वाचत: साडेनऊ, साडेनऊ, साडेनऊ. दर आकड्याला त्यांचा आवाज चढत होता. समाधानराव आपलं टोक ताणून धरत. मग ते दोघे रणपिश्यांच्या दाराशी आले, टेप पायरीला टेकली आणि तात्यारावांचा आवाज बसला. आठ फूट.

तात्यारावांनी पायरीकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं. नकाशात पायरी नव्हती. हे कोणी बांधलं, त्यांनी कोणालाच न विचारल्यासारखं विचारलं.

"तुम्हीच की तात्या," वरून सुंदराबाई म्हणाल्या. "रोहनच्या बारशाला. म्हाताऱ्यांना चढता येत नाही म्हणून. मीच तर गवंडी आणला होता."

ज्या माणसाने पस्तीस वर्षं लोकांच्या वाढीव ओट्यांवर तांबड्या रेघा मारल्या, त्याच्याच दारात दीड फूट अतिक्रमण निघालं. बोळ खदखदून हसला. तात्याराव पण हसले, आधी ओठांतल्या ओठांत आणि मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. समाधानराव हसले नाहीत. त्यांना एकदम त्या माणसाबद्दल माया वाटली, कारण एवढ्या लोकांसमोर आपली चूक अशी मोकळेपणाने मान्य करणं त्यांना स्वतःला जमलं नसतं. मंगळवारी रोहनने आणि तात्यारावांनी हातोडा घेऊन पायरी फोडली. आता आत जायला लाकडी घडवंची आली, हवी तेव्हा उचलून आत ठेवायची.

तरी समाधानरावांचं म्हणणं एकच: मोजून शिरणं वेगळं आणि शिरून शिरणं वेगळं. मग तात्यारावांनी अर्ज लिहिला. गणेशोत्सवाआधी दलाची पेठांमधून पाहणी असते, तीत आमच्या बोळाचा समावेश व्हावा, अशी रहिवाशांची विनंती, खाली एकतीस सह्या. अर्ज इतका मुद्देसूद होता की साहेबांनी त्याच आठवड्यात तारीख दिली.

त्या सकाळी बोळातली एकूण एक स्कूटर हलवलेली होती. कुंड्या गच्चीवर गेल्या होत्या. समाधानरावांनी गाडी तोंडाशी आणली, जवान उतरवले, आरसे मिटले. आरसे मिटले की मागचं काहीच दिसत नाही. मागे चालणाऱ्या जवान हिंदुरावाच्या शिट्टीवर सगळा भरवसा. एक शिट्टी, या. दोन शिट्ट्या, थांबा. समाधानरावांनी खिडकीची काच खाली केली, उलटा गिअर टाकला आणि कान मागे लावले. दोन्ही अंगांना सात-सात इंच. गाडी इंच इंच सरकत होती आणि एरवी बोलल्याशिवाय न राहणारी पेठ श्वास धरून गप्प होती. तिसऱ्या वर्षीच्या त्या बोळाच्या तोंडाशी ते जसे उभे होते ते सगळं त्यांना आठवलं. शिट्टी वाजत राहिली, एकच, एकच, एकच. मग दोन. गाडीची मागची बाजू रणपिश्यांचं दार ओलांडून गेली होती. बंब शिरला होता.

टाळ्या पडल्या. समाधानरावांनी इंजिन चालू ठेवूनच दार उघडायला ढकललं. दार सात इंच उघडलं आणि भिंतीला टेकलं.

सत्तावीस वर्षांत, तीन वह्या भरून, गाडी बोळात शिरते का हे त्यांनी हजारदा मोजलं होतं. गाडीतून चालक बाहेर निघतो का हे एकदाही मोजलं नव्हतं. पंप मागे होता, पंप चालवणारा आत अडकला होता. खिडकीतून निघावं तर पोट आडवं येत होतं. त्यांचा चेहरा असा झाला की हिंदुरावाची शिट्टी तोंडातून गळून पडली. वरून सुंदराबाईंनी विचारलं की जेवण खिडकीतून देऊ का. पेठेला आता बोलायला मोकळं रान मिळालं. कोणी म्हणालं, आग लागली तर आधी यांना सोडवायला दुसरा बंब बोलवावा लागेल.

समाधानराव आधी लाजले, मग त्यांनाच हसू आवरेना. स्टिअरिंगवर डोकं टेकून ते हसत राहिले. तेवढ्यात तात्यारावांनी घडवंची उचलून आत टाकली, दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या आणि दारातून आवाज दिला.

"अहो ओव्हाळ, चार फूट मागे या. आमचं दार मोकळं आहे."

हिंदुरावाने शिट्टी उचलली. एक. एक. दोन. गाडीचं दार आता बरोबर घराच्या दाराशी आलं होतं. समाधानरावांनी ते ढकललं. ते उघडत गेलं, उंबऱ्यावरून आत, पुरेपूर. बंबाच्या पायरीवरून त्यांनी पाय खाली टाकला तो थेट रणपिश्यांच्या घरात पडला. आतून मागच्या दाराने वळसा घालून ते पंपाशी गेले, पाणी सोडलं, गॅलऱ्यांवरच्या पोरासोरांना सचैल स्नान घातलं, आणि सगळं नियमाप्रमाणे नीट बंद करून पुन्हा आत आले.

दीपाली आत उभी होती. बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली होती. तिच्या हातात चौथी वही होती आणि पेन.

"आज किती वर्द्या, बाबा?" तिने विचारलं.

त्यांनी बोटाने सांगितलं, एकच. मग शेजारी उभ्या रोहनच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला म्हणाले, "खोड ते लाल. लिही: शिरतो. उलटा, आरसे मिटून."

तिने लाल अक्षरांवर रेघ मारली आणि लिहिलं. तात्यारावांनी चष्मा लावून ती नोंद वाचली आणि खाली तारीख राहिली म्हणून सांगितलं. तिने तारीख घातली. मग समाधानरावांनी तिच्याकडून पेन घेतलं, आणि नोंदीच्या पुढे, स्वतःच्या हाताने, दोन शब्द लिहिले: दीपालीचं घर.