बारा खोक्यांची भिशी

वसुंधरा नगरकरला कुठलीही बंद वस्तू बंद बघवत नाही. कादंबरी हातात आली की ती आधी शेवटचं पान वाचते, मग पहिलं. इडल्या वाफवायला ठेवल्या की दर तीन मिनिटांनी झाकण उचलून डोकावते. त्यामुळे नगरकरांकडच्या इडल्या चपट्या होतात, आणि त्या का चपट्या होतात हे ऑकलंडच्या मनुरेवा भागातल्या समस्त मराठी मंडळींना ठाऊक आहे. लग्नात नितीशच्या आत्याने हातात ठेवलेलं आहेराचं पाकीट तिने तिथल्या तिथे, पाया पडता पडता चाचपून बघितलं होतं. नितीश ही गोष्ट अजून चारचौघांत सांगतो. कौतुकाने की तक्रारीने, ते कळत नाही. तो स्वतः असला थंड गृहस्थ की बँकेची पत्रं महिनाभर न फोडता फ्रीजवर ठेवून देतो.

अशा बाईला नशिबाने नेमकं वाट बघायला लावलं. दोन हजार बारा साली दोघं पुण्याहून ऑकलंडला आले. पुण्यात नऊ वर्षं फार्मसिस्ट म्हणून काम केलेल्या वसुंधराची पदवी इथे आधी तपासायला गेली. मग इंग्रजीची परीक्षा, मग इथल्या औषधांच्या कायद्याची परीक्षा, मग कुणाच्या तरी देखरेखीखाली वर्षभर काम. मध्येच रेसिडेन्सीच्या अर्जाचे अकरा महिने. त्या अकरा महिन्यांत ती दिवसातून तीनदा जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, फटफटवत फाटकापाशी जायची आणि पत्रपेटी उघडून बघायची, पोस्टमन दिवसातून एकदाच येतो हे माहीत असूनही. समोरच्या घरातला समोअन म्हातारा पायरीवर बसून विचारायचा, ‘‘स्टिल नथिंग, लव्ह?’’ ती मान हलवायची आणि परत यायची.

सगळं मिळालं, पण उशिरा मिळालं. दोन हजार पंधरामध्ये ती ग्रेट साउथ रोडवरच्या एका फार्मसीत पांढरा कोट घालून काउंटरमागे उभी राहिली, तेव्हा वाट बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी पायांना चैन नव्हती. फोन वाजला नाही तरी ती फोन बघायची. दुधाचं भांडं, नळ, मेल, परत दूध, असे तिचे फेरे घरात चालूच राहिले. आपल्याला नेमकं कशाचं एवढं लागलंय, हे तिचं तिलाही सांगता येत नव्हतं.

मग ती खोकी आली. मैत्रिणीच्या, मृदुलाच्या, मुलीचा, श्रियाचा, वाढदिवस होता आणि श्रियाने ब्लाइंड बॉक्स मागितला होता. मुठीत मावेल एवढं सीलबंद खोकं. आत एका मालिकेतली एक छोटी बाहुली. कुठली, ते फोडल्याशिवाय कळत नाही. वसुंधराने मॉलमध्ये एक श्रियासाठी घेतला आणि एक, उगाच, स्वतःसाठी. पार्किंगमध्ये गाडीचं दारही न लावता तिने तो फोडला. आतून छत्री धरलेला बेडूक निघाला. त्रेचाळीस वर्षांची बाई स्टिअरिंगवर बेडूक ठेवून एकटीच हसत बसली. ज्या वाट बघण्याला दोन मिनिटांत शेवट आहे आणि शेवटी हातात काहीतरी पडतं, तसली वाट तिने या देशात पहिल्यांदाच बघितली होती.

एका खोक्याला बावीस डॉलर पडायचे. हा शौक परवडणारा नव्हता, आणि नितीश बोलत नसला तरी भुवया उंचावायचा. तोडगा सांगितला तिच्या मावसबहिणीने, कांचनने. ती कॅनडात. तिकडे हौशी लोक सुटी खोकी घेतच नाहीत, बारांचं अख्खं कार्टन मागवतात, असं तिने फोनवर सांगितलं. कार्टनमधली बाराही वेगळी निघतात, एकाला जोडी एक येत नाही, टपालखर्च विभागला जातो आणि खोकं तेरा डॉलरांना पडतं. ‘‘पण बारा घेऊन मी करू काय?’’ वसुंधराने विचारलं. कांचन म्हणाली, ‘‘अगं, भिशी लाव की.’’

तर अशी ती भिशी सुरू झाली. सहा बायका, दर दोन महिन्यांनी एक कार्टन, प्रत्येकीला दोन खोकी. कार्टन वसुंधराच्या घरी यायचं. ती ते उघडून फुटतूट बघायची आणि सीलबंद खोक्यांच्या तळाशी एक ते बारा आकडे चिकटवायची. शनिवारी वाडग्यात बारा चिठ्ठ्या. ज्या आकड्याची चिठ्ठी निघेल ते खोकं तिचं, आणि ते सगळ्यांसमोर फोडायचं. भिशी चालवणारी म्हणून वसुंधरा शेवटी. वाडग्यात उरतील त्या दोन चिठ्ठ्या तिच्या. हा नियम तिने स्वतःच केला होता, आणि दोन वर्षांत कुणाला तिच्याकडे बोट दाखवायला जागा मिळाली नव्हती.

सहाजणींत तिची खरी मैत्रीण मृदुला. मृदुला नाशिकची डॉक्टर. पण इथली परीक्षा तिची दोनदा हुकली होती, आणि तोवर ती एका रेस्ट होममध्ये म्हाताऱ्यांच्या अंघोळी आणि जेवणं बघत होती. ती तक्रार करायची नाही. भिशीच्या दिवशी मात्र लहान पोरीसारखी व्हायची. खोकं फोडण्याआधी ते दोघींच्या तळव्यांमध्ये धरायचं, डोळे मिटायचे आणि आत काय असेल ते दोघींनी सांगायचं, ही तिचीच पद्धत. दोघी बहुतेक चुकायच्या, मृदुला तर दर वेळी, आणि चुकल्या की पोट धरून हसायच्या. ‘‘ही एकच परीक्षा बघ,’’ मृदुला म्हणायची, ‘‘जिच्यात नापास झालं तरी मजा येते.’’

दोन हजार अठराच्या नोव्हेंबरात निजऱ्या अस्वलांची मालिका आली. बारा अस्वलं, बाराही गाढ झोपलेली: एक नूडल्सच्या वाडग्यात, एक बसस्टॉपवर, एक वॉशिंग मशीनवर, एक लायब्ररीत पुस्तकावर गाल टेकून. पण क्वचित एखाद्या कार्टनमध्ये यांतल्या एकाच्या जागी तेरावं निघतं. ते जागं असतं. हातात पितळी कंदील धरून, डोळे टक्क उघडे ठेवून ते कुणाची तरी वाट बघत असतं. वसुंधराने त्याचा फोटो फोनवर बघितला आणि बघतच राहिली. हे आपलंच चित्र आहे असं तिला वाटलं. ते अस्वल तिला हवं होतं, आणि एवढं हवं होतं की तिची तिलाच लाज वाटत होती.

कार्टन गुरुवारी आलं. त्याआधीच्या चार दिवसांत तिने ते कुठवर पोचलं हे कुरिअरच्या साइटवर इतक्या वेळा बघितलं होतं की फार्मसीतल्या पोरी तिला हसायला लागल्या होत्या. तिने खोकी मोजली, आकडे चिकटवले आणि कार्टन कपाटात वर ठेवलं. मग स्वयंपाकघरात गेली. परत आली. कार्टन खाली काढून टेबलावर ठेवलं, परत वर ठेवलं. जेवताना ती तीनदा उठली. शेवटी नितीश म्हणाला, ‘‘वसू, उद्या ते गाडीच्या डिकीत टाकून कामावर घेऊन जा बरं. घरात राहिलं तर तू त्याला झोपू द्यायची नाहीस आणि मलाही.’’ तो बिचारा साधेपणाने म्हणाला. पण फार्मसीत काय आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

फार्मसीत मागच्या खोलीत, मलमं कालवायच्या टेबलावर, काटा होता. ग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा दाखवणारा, फुंकर मारली तरी आकडा हलवणारा. आणि कॅनडातल्याच कुणा हौशी माणसाने तेराही अस्वलांची खोक्यासकट वजनं इंटरनेटवर मांडून ठेवलेली तिने बुधवारीच वाचली होती. कंदील पितळी असल्यामुळे जागं अस्वल सगळ्यांत जड, एकशे एकवीस ग्रॅम.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने डिकीतलं कार्टन मागच्या खोलीत आणलं. एकच तोलून बघायचं, असं तिने स्वतःला बजावलं. एक बघितलं, मग दुसरं. सातव्या खोक्याला काट्यावर एकशे एकवीस उमटले आणि तिचे कान गरम झाले. तिथेही तिला थांबता आलं नाही. उरलेली पाचही तिने तोलली. फोनवरची यादी शेजारी होतीच. काटा पुसून ती काउंटरवर परत आली, तेव्हा बाराही खोक्यांत काय आहे हे तिला न फोडता माहीत झालं होतं. दुपारभर ती लोकांना गोळ्या समजावून सांगत होती आणि मनात एकच गोष्ट घोळत होती: वाडग्यात बाराऐवजी अकराच चिठ्ठ्या टाकल्या, तर मोजणार कोण?

शनिवारी ऊन छान होतं. नगरकरांच्या घरामागच्या लाकडी डेकवर साबुदाणा वडे होते, मुलं टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, घालून स्प्रिंकलरखाली नाचत होती. खाडीपलीकडच्या अल्बनीहून आलेली सुनीती, सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत तिखट, पुलावरच्या ट्रॅफिकला नावं ठेवत खुर्चीत टेकली. ‘‘वसुंधरे, आज चेहरा का असा? इडली केलीयस का?’’ सगळ्या हसल्या. वसुंधराही हसली. सात नंबरची चिठ्ठी तिच्या डाव्या हाताच्या मुठीत घामाने मऊ पडली होती.

वाडगा फिरला. मृदुलाची पहिली चिठ्ठी चारची. तिने खोकं आणून वसुंधराच्या तळव्याला टेकवलं आणि डोळे मिटले. ‘‘वॉशिंग मशीनवालं,’’ मृदुला म्हणाली. वसुंधराला माहीत होतं, चार म्हणजे बसस्टॉप. ‘‘नूडल्स,’’ ती म्हणाली. बसस्टॉप निघालं, आणि मृदुला हसली. वसुंधरा हसली, पण जरा उशिरा.

दुसरी चिठ्ठी अकराची. ‘‘लायब्ररी,’’ मृदुलाने डोळे घट्ट मिटून सांगितलं. आत खरोखरच लायब्ररीवालं आहे, हे वसुंधराला माहीत होतं. वसुंधराच्या तोंडून बसस्टॉप निसटणार होतं, पण ते मघाशीच निघून गेलं होतं. ‘‘झोपाळ्यावरचं,’’ तिने ठोकून दिलं. खोकं फुटलं आणि पुस्तकावर गाल टेकलेलं अस्वल बाहेर आलं. दोन वर्षांत मृदुला पहिल्यांदाच बरोबर आली होती. ती उठून उभी राहिली आणि डेकवर एक गिरकी घेतली. ‘‘हरवलं तुला, वसू. मी पास झाले बाई, चक्क पास झाले.’’ श्रिया ओल्या अंगाने धावत आली, ‘‘मम, यू आर सो एम्बॅरसिंग,’’ म्हणाली आणि स्वतःच टाळ्या पिटायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वसुंधरानेही वाजवल्या, डावी मूठ न उघडता.

शेवटी तिची पाळी आली. वाडग्यात एक चिठ्ठी होती. तिने हात घातला आणि दोन काढल्या. सातवं खोकं फोडलं, कंदील दिसला आणि बायकांनी गलका केला. सुनीतीने तिच्या पाठीत धपाटा घातला. ‘‘दोन वर्षं शेवटी बसतेस, देवाने बघितलं बरं का.’’ अस्वल तिच्या हातात होतं, हवं तसं, डोळे टक्क उघडे. तिच्या मनात काहीही हललं नाही. काल दुपारी काट्यावरच जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि आजचा अख्खा दिवस तिने फुकट घालवला होता. तिला रडू येईल असं वाटलं.

निघताना मृदुला गाडीपाशी थांबली आणि तिने वसुंधराला मिठी मारली. ‘‘मला मिळालं असतं ना, तरी एवढं बरं वाटलं नसतं,’’ ती म्हणाली. ते मनापासून होतं. वसुंधराला ते सोसवेना.

‘‘मी वजन केलं होतं,’’ ती म्हणाली.

‘‘कसलं?’’

‘‘खोक्यांचं. काल, फार्मसीत. सातमध्ये हे आहे ते मला माहीत होतं. सातची चिठ्ठी मी वाडग्यात टाकलीच नव्हती.’’ तिने अस्वल पुढे केलं. ‘‘तू घे हे. मी सगळ्यांना फोन करून सांगणार आहे, सुनीतीलासुद्धा. पण हे तू घे.’’

मृदुलाने अस्वलाकडे बघितलंही नाही.  तिने हळूच विचारलं, ‘‘सातचंच वजन केलंस?’’

‘‘नाही. बाराही.’’

‘‘म्हणजे लायब्ररीवालं कशात आहे, ते तुला माहीत होतं.’’

‘‘हो.’’

‘‘आणि झोपाळा म्हणालीस.’’

 श्रिया मागच्या सीटवर टॉवेल गुंडाळून बसली होती आणि काच खाली करून दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

‘‘अस्वल ठेव तू,’’ मृदुला म्हणाली. ‘‘चिठ्ठीचंही मला काही नाही, माणसाला मोह होतो. पण वसू, मी तिथे पास झाले म्हणून नाचत होते. आणि तू टाळ्या वाजवत होतीस.’’

तिने गाडी सुरू केली, आरशात बघून नीट मागे घेतली आणि ती निघून गेली.