डावीकडे, उजवीकडे, वरून

मँचेस्टरला आल्यावर महिन्याभरातच मी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल क्लबात गेलो, कारण मला फेकता येत होतं. जालन्याला सीमारेषेवरून थेट यष्टीवर चेंडू मारणारा म्हणून मला टीममध्ये घ्यायचे. या खेळात क्वार्टरबॅकच्या हातात प्रत्येक चालीला चेंडू येतो आणि पुढे काय करायचं ते तोच ठरवतो. मला तो व्हायचं होतं. घरात कॉलेजला गेलेला मी पहिला. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. माझे विषय त्यांना कळत नाहीत. ‘आज मी खेळलो’ एवढं त्यांना कळलं असतं.

पण क्वार्टरबॅक होताच. आईवडील पुण्याचे, वाढला इंग्लंडातच, मेडनहेडला, म्हणून मराठी जरा मोडकं, बाराव्या वर्षापासून हाच खेळ. विद्यापीठाच्या पेपरात त्याचे फोटो यायचे, जर्मनीतला एक क्लब त्याला न्यायला बघत होता. मी त्याचा बदली. दोन हंगाम क्लिपबोर्ड धरून मैदानाच्या कडेला उभा राहिलो.

तो वाईट असता तर बरं झालं असतं. कौन्सिल टॅक्सचं पत्र त्यानेच मला समजावून दिलं होतं. “तुझी थ्रो माझ्यापेक्षा लांब जाते,” असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. मला वाटायचं, म्हणायला याचं काय जातंय!

समोरचे कसे उभे आहेत ते बघून क्वार्टरबॅक ऐनवेळी ओरडून चाल बदलतो. ते समोरच्यांनाही ऐकू जातं. एकदा कॅन्टीनमध्ये मीच त्याला म्हटलं, “मराठीत ओरड की. कोणाला कळतंय?” मग मी पोरांकडून तीन शब्द पाठ करून घेतले: डावीकडे, उजवीकडे आणि लांब फेकायचं असेल तर वरून. आम्ही जिंकत गेलो. पेपरात छापून आलं की त्याने घरची भाषा मैदानावर आणली. मी ते कात्रण अजून ठेवलं आहे, का ते सांगता येत नाही.

आमच्या मैदानावरच्या शेवटच्या मॅचला जर्मनीहून एक माणूस त्याला बघायला आला होता. दुसऱ्या हाफमध्ये समोरच्यांचा बावन्न नंबरचा खेळाडू रेषेबाहेर येऊन माझ्या पायाशी आपटला आणि हेल्मेटच्या जाळीआडून म्हणाला, “आई गं!”

मी हात देऊन त्याला उठवलं. “चीअर्स मेट,” म्हणून तो गेला.

कोच माझ्यापासून तीन पावलांवर होता. मी फक्त सांगायचं होतं. मी क्लिपबोर्डकडे बघत राहिलो. विसरलो नव्हतो, गोंधळलोही नव्हतो. एकदा तरी आपला क्वार्टरबॅक पडू दे, असं मनात आलं होतं.

“डावीकडे!” आमचा क्वार्टरबॅक ओरडला. चेंडू हलताच बावन्न नंबर थेट डावीकडे घुसला. आमचा क्वार्टरबॅक खांद्यावर पडला आणि उठला नाही.

कोचने मला आत जायला सांगितलं. फिजिओचा आधार घेऊन बाहेर येताना तो मला म्हणाला, “अरे, त्या फिफ्टी-टूला कसा कळला?”

“काय माहीत,” मी म्हणालो.

मी एकदाही मराठीत ओरडलो नाही. शेवटच्या मिनिटाला लांब पास टाकला, तो झेलला गेला, आम्ही जिंकलो. पोरांनी मला उचललं. जर्मनीचा माणूस तोवर निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या फ्लॅटवर खिचडी घेऊन गेलो. त्याचा हात गळ्यात बांधलेला. “काय थ्रो मारलीस यार!” तो म्हणाला. “व्हिडिओ चार वेळा बघितला.”

तेव्हा मी सांगितलं. “तो मराठी होता. मला आधी कळलं होतं.”

“किती आधी?”

“तू पडलास, त्याच्या आधीच्या चालीला.”

तो डाव्या हाताने खिचडी खात राहिला. “मला वाटला, माझाच काहीतरी चुकला,” म्हणाला. “रात्रभर तेच बघत होतो.” मग डबा माझ्याकडे सरकवला. “जा तू आता. नंतर बोलू.”

चार वेळा त्याने माझा पास बघितला असेल असं मला वाटलं होतं; तो स्वतःची चूक शोधत होता. जिना उतरताना मनात आलं, त्याच्या जागी मी असतो तर डबा फेकून मारला असता. त्या बाबतीतही तो माझ्या पुढेच.

रविवारी वडिलांचा फोन आला. “खेळतोस का रे अजून?” त्यांनी विचारलं.

“जातो प्रॅक्टिसला,” मी म्हणालो.